खुराड्याच्या लढाईचे वारस

मी, शेड्रॅक हॉलोवे, धंदा पिंपे बांधण्याचा, राहणार मडी फोर्क ओढ्याकाठी, कॉटरविल गावाबाहेर, बेल्डन काउंटी, टेनेसी राज्य, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भरीस न पडता, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते सांगून ठेवतो. मजकूर माझा आहे. अक्षर शाळेच्या पेकबाईंचे आहे, कारण या हिवाळ्यात माझ्या बोटांनी माझे ऐकणे सोडले. पेकबाई नॅशव्हिलला शिकून आल्या आहेत आणि काही वाक्ये मृत्युपत्रात शोभत नाहीत असे त्यांचे म्हणणे आहे. मी त्यांना सांगितले आहे की जे शोभत नाही ते आधी लिहा.

माझे वय सांगता येत नाही. जुन्या मालकाच्या घरी तांबड्या घोडीच्या जन्माची नोंद होती, माझ्या नव्हती. घोडी आणि मी एकाच वर्षीचे, एवढे आईने सांगितले होते. घोडी केव्हाच गेली. माझे गुडघे आणि हृदय सोडले तर बाकी सर्व जागच्या जागी आहे. दडपण म्हणाल तर ते आणायला पुष्कळ लोक येऊन गेले. त्यांना ओसरीवर बसवून, लिंबाचे सरबत पाजून परत पाठवले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, पण या जातीच्या कागदाशी माझी जुनी ओळख आहे, कारण मी स्वतः एका मृत्युपत्रात होतो. म्हाताऱ्या क्लेबॉर्नने मला आपल्या मुलीच्या, म्हणजे आजच्या युडोराबाई क्लेबॉर्न यांच्या नावे लिहून ठेवले होते, चांदीचे चमचे आणि पियानो यांच्या मधल्या ओळीत. त्या वेळी मी ओळीत होतो, आज ओळी सांगतो आहे. मधे एक युद्ध झाले. त्याबद्दल पुढे येईलच.

कलम पहिले, माझा देह. तो चर्चच्या मागे डॉर्कसच्या शेजारी ठेवावा. डॉर्कस माझी बायको. तिच्या कबरीवर तिची निळी बशी फोडून ठेवलेली आहे, कारण शेवटचे पाणी ती त्या बशीतून प्यायली. आमच्यात तशी रीत आहे. मरणाऱ्याच्या हातात शेवटी जी वस्तू होती ती मोडून त्याच्या कबरीवर ठेवायची, नाहीतर तो ती मागत घरी येतो. माझ्या हातात शेवटी काय असेल ते देव जाणे. चमचा असला तर वाकवा. जावई ओबेद याची बाटली असली तर आधी रिकामी करा, मग फोडा. पाद्रीबुवांनी प्रवचन लहान करावे. मी त्यांची मोठी प्रवचने जिवंतपणी सोसली आहेत, मेल्यावर उठून जाता येणार नाही.

कलम दुसरे, हत्यारे. रंधे, वाकस, हातोडे, लोखंडी पट्ट्या वाकवण्याची ऐरण आणि परसातली सर्व वाळलेली ओक लाकडे माझी मुलगी झिपोरा हिला मिळावीत. ओबेदला नव्हे. ओबेदने बांधलेल्या पिंपात रताळी राहतात, त्याहून पातळ काही राहत नाही. ओबेदला भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते चालत नाही, पण त्यालाही कुठे जायची घाई नसते. तो माणूस वाईट नाही. झिपोरा चार दिवस तापाने पडली होती तेव्हा तो तिच्या उशाशी बसून राहिला, ते मी पाहिले आहे, म्हणून घड्याळ तरी देतो.

कलम तिसरे, युडोराबाई. बापाच्या मृत्युपत्राप्रमाणे मी त्यांना मिळायचा होतो आणि मिळालो नाही. त्यांनी हे दुःख कधी लपवले नाही. त्या मला ‘शेड्रॅककाका’ म्हणतात, कारण इकडे काळ्या माणसाच्या नावाला ‘श्री.’ लावायचे नसते. मी त्यांच्या बापाचा खराच भाऊ असतो तर वाटणीत निम्मे घर आले असते, पण ते असो. भरपाई म्हणून त्यांना मी बांधलेले एक लहान पिंप द्यावे. ते गळत नाही. पियानोशेजारी ठेवावे, मोकळी जागा तेवढी भरेल.

(पेकबाईंनी येथे लेखणी खाली ठेवली होती. पुन्हा उचलली आहे.)

कलम चौथे, शेत. माझी स्थावर मिळकत म्हणजे हे घर आणि रताळ्यांचे शेत. त्याची चतुःसीमा अशी. पूर्वेस मडी फोर्क ओढा. पश्चिमेस काउंटीचा रस्ता. दक्षिणेस क्लेबॉर्न यांची उरलेली जमीन. उत्तरेस शेजाऱ्याचे कुंपण, जे दर वसंत ऋतूत माझ्याकडे थोडे सरकते. शेताच्या मधोमध एक उंचवटा आणि त्यावर नाशपातीचे झाड. युद्धानंतर क्लेबॉर्नांकडे सारा भरायला काही उरले नाही तेव्हा त्यांनी मला ही जमीन विकली, आणि दगडांनी भरलेली म्हणून मनातल्या मनात हसले. दगड मी वेचले. खरेदीखत काउंटीच्या दप्तरात आहे. हे शेत आणि घर झिपोराला मिळावे, तिने ते विकू नये आणि नाशपातीखालची जागा कोणाला देऊ नये.

हे सांगायला एक ओळ पुरली असती, पण ती जागा युडोराबाईंच्या स्मारक समितीला हवी आहे. त्यांना तिथे दक्षिणेच्या सैनिकाचा ग्रॅनाइटचा पुतळा उभा करायचा आहे. पुतळा मागवून झाला, येऊनही पडला, स्टेशनच्या गोदामात पेंढ्यात झोपला आहे. तो उत्तरेतल्या कारखान्यात झाला आहे. पेंढा उलगडणारा हमाल आमच्या चर्चचा आहे. तो म्हणतो, उत्तरेतल्याच ओहायोच्या एका गावात त्याने हाच चेहरा, हीच मिशी पाहिली आहे, फक्त पट्ट्याचे बक्कल वेगळे. तो बिचारा दोन्हीकडून लढतो आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही.

हा पुतळा माझ्याच शेतात का, तर गावाच्या मते तिथे मडी फोर्कची थोर लढाई झाली आणि कॉटरविलच्या वीरांनी ती जिंकली. दर उन्हाळ्यात ते तिथे लुटुपुटूची लढाई करतात. माझी रताळी तुडवतात. उत्तरेचा शिपाई व्हायला कोणी तयार नसते म्हणून चिठ्ठ्या टाकतात, आणि ज्याच्या वाट्याला निळा कोट येतो त्याचे तोंड बघवत नाही. मग कॅप्टन ऑगस्टस टिपेट चांदीच्या मुठीची काठी टेकत, लंगडत पुढे येतात आणि आपण पायात गोळी लागलेली असताना एकट्याने ओढा कसा राखला ते सांगतात. युद्ध संपले तेव्हा ते साधे शिपाई होते. गावाने त्यांना दर काही वर्षांनी बढती दिली. आणखी दहा वर्षे जगले तर जनरल होतील.

भाषणात ते सांगतात की युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले. डॉर्कस त्या गर्दीत तळलेली कोंबडी विकत असे. एकदा तिने कॅप्टनसाहेबांच्या हातात तंगडी देताना हळूच विचारले, “साहेब, हक्क म्हणजे नेमका कशाचा हक्क?”

ते म्हणाले, “हक्क म्हणजे हक्क, डॉर्कस.”

“हो, पण कशाचा? मला विकायचा, की माझ्या आईला?”

त्यांना ठसका लागला. त्यांनी तंगडी परत केली नाही, पण पुढच्या वर्षीचे भाषण थोडे आखूड झाले. त्या वेळचा कायदाच असा होता की ज्याच्याकडे वीस गुलाम त्याला लढाईतून सूट. क्लेबॉर्नकडे आम्ही तेवढे होतो, म्हणजे आमच्याच जिवावर तो घरी बसून राहिला. टिपेटांच्या घरी एक गाय आणि एक विधवा आई, म्हणून त्यांचा मुलगा गेला. ज्यांचा माल ते घरात आणि ज्यांच्याकडे काही नाही ते माल राखायला, असा तो हक्कांचा प्रश्न होता.

आमच्या बाजूबद्दलही, म्हणजे उत्तरेच्या सरकारबद्दलही, फार गोड बोलायला नको. मुक्तीचा जाहीरनामा निघाला त्यात टेनेसी वगळलेले होते. जिथे त्यांचे कोणी ऐकत नव्हते तिथले गुलाम मोकळे, आणि जिथे त्यांचेच सैन्य तळ ठोकून होते तिथे आम्ही जसेच्या तसे. पलटणीत घेतले तेव्हा आधी फावडी दिली, बंदुका नंतर. पगार गोऱ्या शिपायांहून कमी. गोळी मात्र आम्हाला पूर्ण लागायची. तरीही मी गेलो आणि पुन्हा गेलो असतो, कारण निळ्या कोटाला पितळी बटणे होती आणि त्या बटणांकडे पाहून क्लेबॉर्नचा मुकादम रस्त्यावरून बाजूला झाला. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसाचे सुख मला अजून पुरते आहे.

भरतीच्या टेबलाशी कारकुनाने आडनाव विचारले. सगळे मालकाचे आडनाव सांगत होते. टेबलाखाली बिस्किटांचे पिंप होते, त्यावर बांधणाऱ्याचे नाव होते, हॉलोवे. काम चांगले होते, एक फट नाही. मी म्हटले, हेच लिहा, या पिंपाने मला कधी चाबूक मारलेला नाही. माझ्या मागे केटो उभा होता. तोही क्लेबॉर्नचाच, माझ्याहून लहान, एकोणीस वर्षांचा, उगाच हसणारा. त्याला आडनाव सुचेना. तो म्हणाला, “घाईघाईत कशाला घ्यायचं? आयुष्यभर वापरायचंय. विचार करून सांगतो.” कारकुनाने जागा कोरी सोडली.

आता ती थोर लढाई. १८६४ चा सप्टेंबर होता. आमच्या कंपनीला रेल्वेच्या पुलाची राखण होती आणि खायला काही नव्हते, म्हणून आम्हाला क्लेबॉर्नच्या शेतावर मका आणायला धाडले. म्हणजे जो मका आम्हीच पेरला होता तोच आणायला. कॉटरविलच्या घरदार राखायला मागे ठेवलेल्या पथकाने, त्यात दाढी न आलेली मुले आणि दात गेलेले म्हातारे, झाडीतून गोळ्या झाडल्या. आम्हीही झाडल्या. मग ते ओढ्यापलीकडे पळाले. पळताना त्यांचा झेंडा काटेरी झुडपात अडकला. आमचा लेफ्टनंट म्हणाला की मी तो जिंकला. मी तो काट्यांतून सोडवला, रेशीम फाटू नये म्हणून जपून, आणि कोटाच्या आत खुपसला. गावाच्या भाषणात ही मडी फोर्कची लढाई आहे. आमच्या कंपनीत तिला खुराड्याची लढाई म्हणत.

खुराडे नाशपातीच्या झाडाजवळ होते. झाड तेव्हा रोप होते. पथकातला सतरा वर्षांचा गस टिपेट, म्हणजे आजचे कॅप्टन ऑगस्टस, टेहळणीसाठी त्या खुराड्यावर चढला होता. छप्पर कुजलेले. तो आत कोंबड्यांवर पडला, डावा पाय तुळईखाली मोडला, आणि बंदुकीची ठिणगी पडून पेंढा पेटला. त्याचे साथीदार ओढा ओलांडून गेले होते. आम्ही मक्याची पोती भरत होतो.

केटो थांबून म्हणाला, “शेड, कोंबड्या नाहीत नुसत्या. आत माणूस ओरडतोय.”

मी म्हटले, “त्यांचा आहे. राहू दे.” फोर्ट पिलोच्या किल्ल्यात शरण आलेल्या आमच्या काळ्या शिपायांना त्यांनी कसे कापून काढले ते आम्ही त्याच वसंतात ऐकले होते. आजही मी तेच म्हणेन.

केटो म्हणाला, “पोरगं आहे रे,” आणि आत गेला.

त्याने तुळई उचलली आणि गसला काखेत हात घालून ओढत बाहेर आणले. दोघांच्या अंगावर पिसेच पिसे. ओढ्यापलीकडून पाहणाऱ्यांना एवढेच दिसले की निळ्या कोटातला एक काळा माणूस त्यांचा मुलगा ओढून नेतो आहे. त्यांनी गोळी झाडली. ती केटोच्या मानेत लागली. तो गसवर पडला. त्याचे हात गसच्या काखेत तसेच अडकले होते, ते सोडवायला मला वेळ लागला.

आम्ही केटोला त्या रोपाशेजारी पुरले. रीतीप्रमाणे त्याच्या हातात शेवटी जे होते ते मोडून वर ठेवायचे. त्याच्या हातात शेवटी गस टिपेट होता. मोडलेलाही होता. पण तो आम्ही त्याच्या आईच्या दाराशी नेऊन ठेवला.

युद्ध संपल्यावर सरकारची गाडी उत्तरेचे मेलेले शिपाई गोळा करत फिरली, त्यांना मोठ्या कबरस्तानात न्यायला. मी तेव्हा मेम्फिसला होतो. त्यांनी कॉटरविलच्या चौकात विचारले, इथे आसपास कोणी पुरलेला आहे का? कुबडीवर उभ्या असलेल्या गस टिपेटने सांगितले की नाही, इथे कोणी नाही. तोवर त्याच्या पायात गोळी लागून झाली होती आणि ओढाही राखून झाला होता. केटो त्या गोष्टीत बसत नव्हता. गाडी पुढे गेली.

जमीन माझी झाल्यावर मी केटोवर दगड बसवला. महिनाभरात कोणीतरी तो फोडला. नाशपाती मात्र कोणी तोडली नाही, कारण नाशपाती सगळ्यांना आवडते. आता दुसरा दगड करून आणला आहे. तो माझ्या खाटेखाली पालथा आहे आणि झिपोराला रोज ठेच लागते. त्यावर असे कोरले आहे: “केटो हॉलोवे, शिपाई. याने ऑगस्टस टिपेट याला जळत्या खुराड्यातून बाहेर काढले.” आडनाव मी माझेच दिले. त्याला विचार करायला वेळ मिळाला नाही, आणि पिंप मोठे होते, दोघांना पुरेल. मी गेल्यावर झिपोराने हा दगड भर दुपारी बसवावा.

मला भीती एकाच गोष्टीची आहे, ती उघड सांगतो. या काउंटीत माझ्यासारख्याच्या मृत्युपत्रावर माझ्यासारख्याच काळ्या दोघांच्या, म्हणजे पेकबाई आणि पाद्रीबुवांच्या, सह्या असल्या तर कोर्टाला शाईचा रंगसुद्धा खटकतो. न्यायाधीश युडोराबाईंचा भाचा आहे. मृत्युपत्र बाद झाले की, गुलामांच्या लग्नाला कागद नसतो म्हणून, झिपोरा वारस ठरणार नाही, मग शेताचा लिलाव, लिलावात समिती, आणि केटोच्या छातीवर ओहायोचा तो मिशीवाला. पण कॅप्टन टिपेटची सही असलेल्या कागदाला खोटे म्हणायची हिंमत या गावात कोणात नाही. तसे म्हटले तर पुतळाच कोसळेल.

कलम पाचवे, गोधडी. तो झेंडा मी घरी आणला तेव्हा डॉर्कस म्हणाली, कापड चांगले आहे. तिने तो गोधडीत शिवला, एका बाजूला तिचा जुना परकर, दुसऱ्या बाजूला पिठाचे पोते. आमची झिपोरा त्याखाली वाढली आणि ते किती वेळा ओले केले ते मी दक्षिणेच्या मानासाठी सांगत नाही. झेंड्याचा मधला पांढरा पट्टा खऱ्या रेशमाचा आहे आणि त्याच्या कोपऱ्यात कशिद्याचे पिवळे फूल आहे. पथक निघाले तेव्हा मोठ्या घरच्या बायकांनी झेंड्यासाठी जुने पडदे दिले होते. टिपेटच्या विधवा आईने आपला लग्नाचा पोशाख दिला. तिच्याकडे तेवढी एकच चांगली वस्तू होती.

गस माझ्याकडे येतो. मागच्या वाटेने येतो आणि ओसरीवर बसतो. रस्त्यावर तो कॅप्टनसाहेब आणि मी शेड्रॅककाका, ओसरीवर आम्ही अरेतुरे करतो. मागे एका हिवाळ्यात गोधडी माझ्या गुडघ्यांवर होती आणि फुलाची बाजू वर आली होती. त्याने हात पुढे केला, मग खिशात घातला आणि म्हणाला, थंडी फार आहे. तेव्हापासून तो येतो आणि गोधडीकडे न पाहण्याचा फार प्रयत्न करतो. मला त्याचा राग आहे आणि तो यायचा थांबला तर मला करमणार नाही. दोन्ही खरे आहे.

म्हणून असे ठरवतो. ही गोधडी मी ऑगस्टस टिपेट याला देतो. परंतु या राज्याचा कायदा असा आहे की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर त्याची देणगी जाते. तेव्हा गसने निवडावे. सही केली नाही तर त्याच्या आईचे रेशीम त्याचे, आणि पायातली गोळीही त्याचीच राहील. सही केली तर शेत आणि केटो वाचतील. मग गोधडी झिपोराकडे जाईल, आणि हा सगळा मजकूर कोर्टात मोठ्याने वाचला जाईल, खुराड्यासकट. सही करण्याआधी साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणतो.

गेल्या महिन्यात हे मी त्याला सांगितले. त्याने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली.

मग म्हणाला, “शेड, मी सतरा वर्षांचा होतो रे.”

“केटो एकोणीस वर्षांचा होता. अजून तेवढाच आहे.”

“गोधडी मधे न आणता नुसती सही मागितली असतीस तर?”

“तर तू विचार न करता हो म्हणाला असतास, नाहीतर विचार न करता नाही. मला तुझा विचार हवाय. तेवढा तू मला लागतोस.”

तो उठला. सरबत अर्धे टाकून गेला. त्यानंतर आलेला नाही. आज त्याला बोलावणे धाडले आहे. तो आला नाही तर त्याच्या जागी पाद्रीबुवांची सही घ्यावी आणि पुढचे देवावर सोपवावे.

गोधडी झिपोराकडे गेली तर तिने तिचे काय करावे हे मी सांगत नाही. तिने माझा स्वभाव घेतलेला नाही, आईचा घेतला आहे. रस्त्यापलीकडच्या गोऱ्यांच्या घरांतही थंडी आमच्याइतकीच पडते, हे तिला ठाऊक आहे.

कलम सहावे, राहिलेले. खेचर झिपोराला. माझा निळा कोट बटणांसकट शाळेला, म्हणजे मुलांना हात लावून पाहता येईल. ज्याने माझा पहिला दगड फोडला त्याला मी काही देत नाही, पण तो अजून जिवंत असेल तर त्याने नाशपाती खाणे बंद करावे. माझ्या मागे हे सर्व पार पाडण्याचे काम पेकबाईंकडे देतो. त्यांना त्याबद्दल काही मिळणार नाही, म्हणजे त्यांची सही चालेल.

हा कागद मला सबंध वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, जिथे नाही तिथे पेकबाईंचा सभ्यपणा आहे. मुक्काम मडी फोर्क, तारीख ३ एप्रिल १९०९. सही येत असूनही बोटांमुळे अंगठा करतो.

शेड्रॅक हॉलोवे, निशाणी अंगठा

साक्षीदार:

१. लव्हिनिया पेक, शिक्षिका

२. ऑगस्टस टिपेट, शिपाई

साक्षीदार क्रमांक एक यांची नोंद, मृत्युपत्र करणाऱ्याच्या सांगण्यावरून: श्री. टिपेट चार वाजता पुढच्या दाराने आले. मी मजकूर पहिल्यापासून वाचला. त्यांनी एकदाच मला थांबवले आणि पाय डावा नव्हे, उजवा होता असे सांगितले. श्री. हॉलोवे म्हणाले की पंचेचाळीस वर्षांत गसने केलेली ही पहिली खरी दुरुस्ती आहे, पण मजकूर आहे तसाच राहू द्या. सही करताना श्री. टिपेट यांनी आधी ‘कॅप्टन’ लिहिले होते, ते स्वतः खोडले. गोधडी खुर्चीवर होती. तिच्याकडे त्यांनी पाहिले, हात लावला नाही.

मग त्यांनी झिपोराला नाशपातीकडची वाट विचारली. मी त्यांच्याबरोबर गेले. तिथे त्यांनी चांदीच्या मुठीची काठी गुडघ्यावर धरून मोडायचा प्रयत्न केला. ती मोडेना. त्यांनी ती झिपोराच्या हातात दिली आणि म्हणाले, “बाई, तुझ्यात जोर आहे. माझ्याच्यानं होत नाही.” झिपोराने काठी मोडली. दोन्ही तुकडे त्यांनी वाकून झाडाखाली ठेवले. परत येताना ते तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते.

श्री. हॉलोवे यांनी हे खिडकीतून पाहिले. मग मला म्हणाले, आणखी एक ओळ लिहा: केटोची वस्तू आज पोचली.